१६० चौरस फूट

मुंबईतल्या बी. डी. डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथं १९२०च्या दशकात सरकारनं या चाळी उभ्या केल्या आणि कामगार कुटुंबांच्या पिढ्या त्या खोल्यांतून वाढल्या. आता बंदरातून येणारा वीस फुटी कंटेनर घ्या. लांबी वीस फूट, रुंदी आठ. गुणाकार पुन्हा १६०! असा कंटेनर कापून, रंगवून, त्याला काचेचं सरकतं दार लावून कर्जत-मुळशीकडच्या एखाद्या प्लॉटवर ठेवलेला तुम्ही पाहिला असेल. पावसाळ्यातल्या रविवारी त्यात माणसं मावत नाहीत. मे महिन्यात मात्र त्याला कुलूप असतं.

क्षेत्रफळ तेच, मग एका जागेत संसार झाले आणि दुसरीत दुपार काढवत नाही, असं का? पहिलं कारण उघड आहे, ते म्हणजे पत्रा. चाळीच्या जाड भिंतीला तापायला वेळ लागतो. पत्रा ऊन डोक्यावर येण्याआधीच तापून मोकळा. दुसरं कारण असं, की चाळीतला निम्मा संसार खोलीबाहेरच चालायचा. अंथरुणं गॅलरीत, पापड-कुरडया गच्चीवर, मुलांचा अभ्यास जिन्यातल्या दिव्याखाली. मला चाळीचे गोडवे गायचे नाहीत. सकाळी बादली घेऊन संडासाच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. पण खोली लहान असली तरी घर तेवढंच नव्हतं, एवढं खरं. म्हणून छोट्या घराचा नकाशा बाहेरून आत काढावा, असं माझं म्हणणं आहे. आधी मोकळी जागा, मग भाग जोडण्या-सोडवण्याचे सांधे आणि शेवटी ती कंटेनरची पेटी.

सांधे कशासाठी, ते टोकियोत दिसलं. १९७२ साली वास्तुरचनाकार किशो कुरोकावा यांनी तिथं नाकागिन कॅप्सूल टॉवर बांधला. काँक्रीटचे दोन मनोरे आणि त्यांना बोल्टांनी अडकवलेले १४० तयार कप्पे. एकेक कप्पा जेमतेम दहा चौरस मीटरचा, म्हणजे आपल्या चाळीतल्या खोलीहूनही लहान. त्यात पलंग, भिंतीतून उघडणारं टेबल, टीव्ही, न्हाणीघर आणि एकच गोल खिडकी. स्वयंपाकघर नव्हतंच. दर पंचवीस वर्षांनी जुना कप्पा काढायचा आणि नवा लावायचा, अशी कल्पना होती. पन्नास वर्षांत एकही कप्पा बदलला गेला नाही! मधला एक काढायचा तर वरचे आधी उतरवावे लागणार, आणि मालकही अनेक. त्यात आतले पाइप गंजले, आणि २०२२ साली इमारत पाडावी लागली. काही कप्पे संग्रहालयांत गेले. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध ‘बदलत्या’ घराला बदलता येत नव्हतं, ही गंमत मला फार बोलकी वाटते.

याच्या अगदी उलट वाट नवी मुंबईत बेलापूरला पाहायला मिळते. १९८०च्या दशकात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिआंनी सिडकोसाठी आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत आखली. तयार पेटी नाही, क्रेन नाही. साध्या गवंड्याला बांधता येतील अशी घरं. सात घरांमध्ये मिळून आठ मीटर लांबी-रुंदीचं एक अंगण. घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेली नाही. त्यामुळे ज्याला खोली वाढवायची त्यानं वाढवावी, शेजाऱ्याची परवानगी नको. आपल्या हवेत वर्षाचे कितीतरी महिने माणूस आकाशाखाली बसू-झोपू शकतो, तेव्हा अंगण ही एक खोलीच धरली पाहिजे, असं कोरिआ आयुष्यभर सांगत राहिले. लोकांनी पुढं तिथं इतकी पाडापाड आणि बांधाबांध केली, की मूळ घरं आज शोधावी लागतात. काही वास्तुरचनाकार त्यावर हळहळतात. मला त्यात हळहळण्यासारखं काही दिसत नाही. घर वाढावं म्हणूनच तर ते तसं आखलं होतं.

आता आपल्या पेटीकडे येऊ. तिची आठ फूट रुंदी राहणाऱ्या माणसानं ठरवलेली नाही. जहाजानं आणि ट्रकनं ठरवली आहे. आतून उष्णतारोधक थर आणि प्लायवूड लावलं की हातात सात-सव्वासात फूट उरतात. पलंग आडवा टाकला की चालायला वाट नाही. म्हणून दोन पेट्या घेणार असाल तर त्या चिकटवून ठेवू नका. मधे आठ-दहा फूट अंतर सोडा आणि दोन्हींवर मिळून एकच उतरतं छप्पर घाला, पेटीच्या माथ्यापासून फूटभर उंच. त्या फटीतून वारा वाहतो, ऊन पेटीच्या पत्र्यावर थेट पडत नाही, आणि मधे फुकटात पडवी मिळते. पश्चिमेला छप्पर आणखी चार फूट पुढं काढा. एवढं केलं नाही, तर पुढं सगळा भार एसीवर येतो; मग त्या घराला पर्यावरणस्नेही म्हणायला जीभ रेटत नाही.

जुना कंटेनर वापरला की पोलाद वाचतं, हे खरं. रिकामा वीस फुटी कंटेनर दोन टनांहून जडच असतो. पण त्याची बरीच ताकद त्या घड्या पडलेल्या भिंतींत आहे. मोठी खिडकी कापली की भोवती नवी चौकट वेल्ड करावी लागते, आणि कापत सुटलात तर वाचवलेलं लोखंड परत विकत आणावं लागतं. तळाच्या प्लायवूडला बहुधा कीटकनाशक पाजलेलं असतं. ते काढून टाका किंवा नीट झाकून घ्या. कोकणात खारी हवा पत्रा खाते; तिथं पेटीचा हट्ट सोडून जांभा आणि कौलं हीच निवड मला शहाणपणाची वाटते. आणि पाया खोदलेला नाही म्हणून परवानगी लागत नाही, हे विकणाऱ्याचं बोलणं झालं. शेतजमीन असो वा गावठाण, ग्रामपंचायतीत आधी विचारा.

राहता राहिले पाइप आणि वायरी. फॅब्रिकेटर म्हणेल, सगळं भिंतीच्या आत दडवतो, छान दिसेल. त्याला नको म्हणा. पाणी, सांडपाणी, वीज सगळं एकाच बाहेरच्या भिंतीवर, हात पोचेल असं घ्या, आणि मोरी-संडास त्याच भिंतीला लावा. सुरुवातीला एकच पेटी मागवा. दुसरीची जागा दोरी लावून आखून ठेवा, तिथपर्यंत सांडपाण्याचा पाइप न्या आणि तोंडाला टोपण बसवा. मुलगी मोठी झाली, आई राहायला आली, की टोपण काढायचं.