करवत सर्जनच्याच हाती



जिना चढताना आईचा गुडघा ठणकतो.
डॉक्टर म्हणतात, सांधा बदलावा लागेल.
मग घरात विषय निघतो...
रोबोने करायचं का?

आधी एक गोष्ट नीट ऐका.
रोबो शस्त्रक्रिया करत नाही.
सर्जनच करतो.

नेहमीच्या पद्धतीत मांडीच्या हाडात एक सळई घालतात.
तिच्या आधाराने हाड कुठे कापायचं, ते ठरतं.

रोबोच्या पद्धतीत संगणक गुडघ्याचा नकाशा पडद्यावर दाखवतो.
‘माको’सारख्या यंत्रासाठी आधी सीटी स्कॅन होतो.
करवत सर्जनच्याच हातात असते.
पण आखलेल्या हद्दीबाहेर...
यंत्र तिला जाऊ देत नाही.

म्हणून काप अधिक अचूक बसतो, हे खरं.
पण काही वर्षांनी दुखणं किती, चालणं कसं, हे पाहिलं,
तर दोन्हींत फारसा फरक दिसलेला नाही.

खर्चात मात्र दिसतो.
भारतात 2017 पासून गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीला सरकारी मर्यादा आहे.
रोबोचा खर्च त्यावर वेगळा.

मला मनापासून वाटतं, कर्ज काढून रोबोमागे धावू नये.
सर्जनला विचारा,
अशी किती ऑपरेशनं तुम्ही केलीत?

आणि नंतरचा व्यायाम?
तो दोन्हीकडे सारखाच.
बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी, वॉकर धरून, उभं करतात.