बाया कर्वे : संसार आणि संस्था



वर्धापनदिनाला बाहेरचे पाहुणे बोलवावेत, त्यांनी स्त्रीशिक्षणावर चार गोष्टी सांगाव्यात आणि आपण टाळ्या वाजवून चिवड्याच्या बशांकडे वळावे, हा आपला नेहमीचा शिरस्ता. यंदा कार्यकारिणीने सभासदांपैकीच कोणीतरी बोलावे असे ठरवले आणि ते काम माझ्या गळ्यात आले. मी काही वक्ती नव्हे. पण वाचनाची आवड आहे, म्हणून आपल्याच कपाटातल्या एका पुस्तकातल्या बाईंविषयी बोलेन. पुस्तकाचे नाव 'माझे पुराण'. १९४४ साली ते प्रसिद्ध झाले. लिहिणाऱ्या आनंदीबाई कर्वे, म्हणजेच बाया कर्वे.

महर्षी अण्णासाहेब कर्वे आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक आहेत. त्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले, ते एकशेचार वर्षे जगले, हेही आपण मुलांना पाठ करून घेतो. बायांचे नाव मात्र त्यांच्या नावामागून येते, आणि पुष्कळदा येतच नाही. त्याही पंचाऐंशी वर्षे जगल्या, हे किती जणींना माहीत आहे?

बायांचा जन्म १८६५ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखचा. माहेरचे आडनाव जोशी, पाळण्यातले नाव गोदावरी, हाक मारायचे नाव गोदू. घरची गरिबी. नाटूंच्या घरी लहानपणीच लग्न झाले आणि काही महिन्यांतच नवरा वारला. संसार म्हणजे काय हे कळण्याच्या आधीच तो संपला होता. पुढची कितीतरी वर्षे सासरी कामात गेली. अक्षराची ओळख नाही, आणि पुढे काही होईल अशी आशाही नाही.

त्यांचे बंधू नरहरपंत हे अण्णासाहेबांचे मित्र. त्यांनी बहिणीला मुंबईस आणले. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी आपली ही गोदू. वय चोवीस! आजूबाजूला लहान मुली, आणि ही थोराड बाई पाटीवर अक्षरे गिरवते आहे. मला तर वाटते, लग्नाच्या मांडवात उभे राहण्यापेक्षा पाटी घेऊन बसण्यालाच जास्त धीर लागला असेल. पुढे सदन पुण्यास हलले, तशा त्याही पुण्यास गेल्या.

अण्णासाहेबांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंशी त्यांचा विवाह झाला आणि गोदूची आनंदीबाई झाली. तारीख पाहिलीत ना? शारदा सदन उघडले त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

मुरुडच्या गावकऱ्यांनी सभा भरवून बहिष्कार घातला. अण्णासाहेब गावी आले तर त्यांना घरात घ्यायचे नाही, घेतले तर घरच्यांनाही वाळीत टाकायचे. आज हे ऐकताना आपण हळहळतो. पण नवऱ्याच्या आईला भेटायचे तर आपल्यापायी तिची पंगत बंद होणार, हे मनात घेऊन नव्या सुनेने कसे वागायचे? पुरुषाच्या धैर्याचे पोवाडे होतात. बाईला मात्र हा बहिष्कार रोज उठून स्वयंपाकघरात आणि पाणवठ्यावर भोगावा लागतो.

लग्न झाले म्हणून शिकणे थांबले नाही. बायांनी नागपूरला जाऊन सुईणीचे शिक्षण घेतले. आपल्या हातात काही विद्या असावी, दोन पैसे आपण मिळवावेत, ही त्यांची धडपड होती. तिचे कारण पुढच्या हकिकतीवरून कळेल.

१८९६ साली अण्णासाहेबांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. रावबहादुर गोखल्यांनी हिंगण्यास सहा एकर जागा दिली, तिथे १९०० साली पहिली झोपडी उभी राहिली. आज आपण त्या भागाला कर्वेनगर म्हणतो आणि तिथे रिक्षा मिळत नाही म्हणून कुरकुरतो. तेव्हा ते माळरान होते. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून अण्णासाहेब पायी हिंगण्यास जात, हे आपण सारे जाणतो. आश्रम काढताना त्यांनी साठवलेले हजार रुपये त्यात घातले. पुढे आयुष्याच्या विम्याची रक्कमही संस्थेला दिली.

इथे मला जरा थांबायचे आहे. भाषणात या दानाचा उल्लेख आला की टाळ्या पडतात. पण तो पैसा मुलाबाळांच्या पुढच्या सोयीचा होता. आईविना असलेला रघुनाथ लग्नाच्या वेळी अकरा वर्षांचा होता. मागून शंकर, दिनकर, भास्कर झाले. घरात धान्य किती आहे, शाळेची फी कशी भरायची, हे बघणारी घरात एकच होती. अण्णासाहेबांविषयी माझ्या मनात अपार आदर आहे, तरी स्पष्ट सांगते : ते दान एकट्याचे नव्हते. निम्मे दान बायांचे होते आणि त्याची पावती त्यांच्या नावाने कोणी फाडली नाही. सुइणीची विद्या, घरातली काटकसर, दारोदार हिंडून संस्थेसाठी गोळा केलेली वर्गणी, हे सगळे त्याच खात्यावर मांडायला हवे.

आणखी एक गोष्ट वाचली की माझे मन खट्टू होते. लोकांचा आधार तुटू नये म्हणून आश्रम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून वेगळा ठेवावा लागला. त्यामुळे स्वतः पुनर्विवाहित असलेल्या बायांना आश्रमात मोकळेपणाने वावरता येत नसे. ज्या संस्थेपायी घरात चणचण, तिच्याच अंगणात आपण परक्या! तरीही त्यांनी संस्थेसाठी हिंडणे सोडले नाही.

त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. ही विसाव्या वर्षी विधवा झाली, पदरात एक मुलगा. तिने पुन्हा लग्न केले नाही. १९१२ सालापर्यंत केशवपनही सोडले नाही. थोरलीच्या आधाराने ती पुण्यास आली, पंचविशी उलटल्यावर शिकू लागली आणि पुढे हिंगण्याच्या संस्थेचा मोठा आधार झाली. थोरलीला जो उंबरठा अवघड, तिथे धाकटी आत! दोघींचे मार्ग अगदी उलटे, पण कोणी कोणाला कमी लेखले नाही. अठ्ठेचाळीस वर्षांची असताना, १९१८ साली, पार्वतीबाई इंग्रजी शिकायला आणि संस्थेसाठी मदत मिळवायला अमेरिकेस गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी पोट भरले. आपल्या देशात मानाने व्याख्याने देणारी बाई परक्या मुलखात भांडी घासते आणि त्यात कमीपणा मानत नाही! त्यांचे 'माझी कहाणी' १९२८ साली आले.

बायांची मुले आपापल्या वाटांनी मोठी झाली. रघुनाथराव म्हणजे संततिनियमनासाठी आयुष्य वेचणारे, 'समाजस्वास्थ्य' चालवणारे र. धों. कर्वे. शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले. दिनकरराव फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. विदुषी इरावतीबाई त्यांच्या पत्नी. भास्कररावांच्या पत्नी कावेरीबाईंनी सासूबाईंचे 'पुराण' संपादन करून छापून आणले. सून सासूचे पुस्तक काढते, हेही काही थोडे नाही! बाया १९५० साली वारल्या.

आता आपल्या घरची गोष्ट. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी आपल्या मागच्या खोलीत मोठ्या बायकांचा साक्षरतेचा वर्ग भरतो. पटावर अकरा नावे आहेत, येतात पाच-सहा. ती खोली भाड्याने दिली तर मंडळाला बरे उत्पन्न होईल, असा ठराव पुढच्या सभेपुढे यायचा आहे. ठराव मांडणाऱ्या भगिनींचा हेतू चांगला आहे, मंडळाची शिल्लक खरोखरच थोडी आहे, हे मी नाकारत नाही. पण सहाच येतात म्हणून वर्ग बंद करा, हे मला पटत नाही. त्या येत नाहीत कारण तीन वाजता कोणाच्या घरी भांडी असतात, कोणाची नातवंडे शाळेतून येतात. वेळ बदलून पाहिली का? मागच्या महिन्यात एक बाई मला म्हणाल्या, "ताई, बावन्न वर्षं झाली, आता शिकून काय करू?" मी त्यांना देवरुखच्या या दोघी बहिणींची गोष्ट सांगितली. त्या हसल्या, म्हणाल्या, "त्या बामणाच्या होत्या, त्यांना कोणीतरी आणून बसवलं." खरे आहे त्यांचे. नरहरपंत नसते तर गोदू देवरुखकडेच राहिली असती. आणून बसवणारे कोणीतरी लागते. त्या बाई शुक्रवारी आल्या; आता बँकेच्या कागदावर अंगठ्याऐवजी सही करायला त्यांना यायला लागले आहे. 'मोबाइलवर मुलगा काय पाठवतो ते मीच वाचणार' असा त्यांचा हट्ट आहे.

म्हणून माझी सूचना अशी की, ठरावावर मत देण्यापूर्वी प्रत्येकीने एकदा तरी मागच्या खोलीत जाऊन बसावे. वर्गाची वेळ संध्याकाळी सहाची करावी. शिकवायला आणखी दोघी हव्यात. मंगळवार मी घेते, शुक्रवारसाठी नावे द्या. आणि उत्पन्नाचे म्हणाल तर दिवाळीच्या फराळाची विक्री यंदा दुप्पट करू, त्यासाठी मी चकलीचे दहा किलो पीठ भाजून द्यायला तयार आहे.

'माझे पुराण'ची आपली प्रत फार जीर्ण झाली आहे, पाने सुटी झाली आहेत. बांधणी करून आणेपर्यंत ती घरी देता येणार नाही. वाचायची असेल त्यांनी ग्रंथालयाच्या वेळात इथेच येऊन वाचावी.