डावी चप्पल, उजवी चप्पल
(आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

मैत्रिणींनो, मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, रसायनशास्त्राशी माझा संबंध बारावीतच सुटला. पण वस्तीत काम करताना गोळ्यांच्या पाकिटावरचं 'लेव्हो' वाचून बायका विचारतात, हे काय असतं? म्हणून आजचा विषय.

अणू तेच, तितकेच, पण मांडणी वेगळी, अशा पदार्थांना समघटक म्हणतात. दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन घ्या. एका मांडणीत ते दारूतलं अल्कोहोल होतं. ते काय करतं हे तुम्हाला मी सांगायला नको! ऑक्सिजन दोन कार्बनच्या मधे बसवला, की डायमिथाइल ईथर नावाचा वायू.

कधी जोडणी तीच राहते, दिशा बदलते. तेलाचा रेणू दुहेरी बंधापाशी वाकलेला असतो. वनस्पती तूप करताना त्यात हायड्रोजन घालतात, तेव्हा काही रेणू सरळ होतात. हेच ट्रान्स फॅट, हृदयाला वाईट. २०२२ पासून आपल्याकडे खाद्यपदार्थांत त्याची मर्यादा २ टक्के आहे.

तिसरा प्रकार चपलांसारखा. डावी आणि उजवी आरशातल्या प्रतिमेसारख्या, पण डावी उजव्या पायात बसत नाही. शरीरही तसंच निवडून घेतं. नॉरजेस्ट्रेल या गर्भनिरोधक औषधात दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असत, काम फक्त एकच करी. ते वेगळं काढलं, तेच लेव्होनॉरजेस्ट्रेल. पूर्वीच्या गोळीत नॉरजेस्ट्रेल ०.३ मिलिग्रॅम असे. माला-डीमध्ये लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ पुरतं. म्हणजे उरलेलं निम्मं औषध बायकांनी उगाचच गिळलं.

थॅलिडोमाइडची गोष्ट मात्र भयंकर आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत ही झोपेची गोळी बाजारात आली. निर्धोक म्हणून गरोदर बायकांनाही मळमळीवर दिली गेली. जगभरात १०,००० हून अधिक मुलं हातापायांची वाढ खुंटून किंवा इतर व्यंगं घेऊन जन्मली. कित्येक तर जगलीच नाहीत. १९६१ च्या नोव्हेंबरात जर्मनीत ती मागे घेतली. अमेरिकेच्या औषध प्रशासनात फ्रान्सिस केल्सी या डॉक्टरबाई होत्या. कंपनी मागे लागली होती, तरी सुरक्षिततेचा पुरावा अपुरा म्हणून त्यांनी परवानगी अडवून धरली.

या गोळीतही दोन्ही चपला होत्या. घातक तेवढी काढून टाकली असती तर अनर्थ टळला असता, असं पुष्कळदा सांगितलं जातं. मला ही सोयीची गोष्ट वाटते. शरीरात गेल्यावर थॅलिडोमाइडची एक चप्पल दुसरीत बदलते. 'चांगली' तेवढी दिली तरी काही तासांत दोन्ही होतात. खरी चूक वेगळीच होती: गर्भावरचा परिणाम न तपासताच ती पोटुशा बायकांना दिली.

हे औषध आजही आहे, कुष्ठरोगातल्या एका तीव्र प्रतिक्रियेवर आणि मायलोमा या कर्करोगावर. मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते द्यायचं, तर आधी गरोदरपणाची तपासणी आणि गर्भनिरोधनाची पक्की सोय हवी. पुरुष रुग्णानेही निरोध वापरायचा असतो, कारण औषध वीर्यात उतरतं. कुष्ठरोगाच्या कामात असलेल्या मैत्रिणींनी हे लिहून घ्या. आता विचारा काय विचारायचं ते.