नोकरी गेली तेव्हा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने दोन शब्द बोला म्हणून सांगितलं, तेव्हा आम्ही नाहीच म्हणत होतो. आम्ही काही वक्ते नव्हेत. पण समितीचं म्हणणं पडलं की, २०१९ साली तुमच्या घरावर जी वेळ आली ती उद्या कुणाच्याही घरावर येईल, तेव्हा घडलं तसं सांगा. म्हणून उभे आहोत. काही चुकलं तर पदरात घ्या.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात हे अकरा वर्षे मशीनवर होते. २०१९ मध्ये वाहनधंद्यात मंदी आली. त्या ऑगस्ट महिन्यात देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त घसरली. मोठ्या कंपनीने गाड्या कमी केल्या की तिला माल पुरवणाऱ्या छोट्या कारखान्याची ऑर्डर थांबते. आधी ओव्हरटाइम गेला, मग रातपाळी गेली, मग आठवड्यात दोन-दोन दिवस काम बंद. आम्हाला वाटायचं, दिवाळीपर्यंत होईल सुरळीत.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी पाळी सुटताना नऊ जणांना ऑफिसात बोलावलं. छापील कागद पुढे केला. "सही करा, वीस हजार रोख घेऊन जा. नाही तर तेही मिळणार नाहीत." ह्यांनी सही केली. कागद राजीनाम्याचा होता.

त्या रात्री आमच्या घरात भांडण झालं ते पैशावरून नाही, त्या सहीवरून. "वाचलं का नाही?" "वाचून काय करणार होतो?" दोन्ही बाजूंनी खरंच होतं. पुढचे तीन रविवार आम्ही विहारात आलो नाही. लोक विचारतील, काय सांगायचं? दाराचा पडदा दिवसासुद्धा खाली असायचा.

आमचे सासरे, आबा, मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आबांची नोकरी त्यात गेली ती परत मिळाली नाही. आबा फारसं बोलत नसत. पण चौथ्या रविवारी म्हणाले, "संपात आम्ही घरातली भांडी विकली, पण शेजाऱ्याला कळू दिलं नाही. उपाशी राहिलो ते कमी, लपवलं ते जास्त लागलं. चला उठा, विहारात." आणि आम्हाला घेऊन आले.

वंदना झाल्यावर इथल्याच एका निवृत्त कामगार कार्यकर्त्यांनी आम्हाला बाजूला बसवलं. ते म्हणाले, मालकाने कामावरून कमी केलं असतं तर तेव्हाच्या कायद्याने एक महिन्याची नोटीस किंवा पगार आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई द्यावी लागली असती. ती चुकवायलाच राजीनामा घेतला. ते भांडण आता अवघड. पण पाच वर्षे सलग नोकरी झाली असेल तर राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी बुडत नाही. त्यांनी हिशोब मांडला. शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता १३,००० रुपये. त्याला २६ ने भागलं की ५०० रुपये रोज. पंधरा दिवसांचे ७,५००. अकरा वर्षांचे ८२,५००. आम्ही वीस हजारांवर अकरा वर्षे सोडून आलो होतो!

अर्ज केला. मालकाने उत्तर दिलं नाही. मग कामगार आयुक्तांच्या कार्यालयात दावा लावला. दोन तारखा झाल्या आणि २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी आली. पैसे हातात पडले ते २०२१ मध्ये. पण पडले.

मधले दिवस कसे काढले? एक महिना बेकारी झाल्यावर, तेव्हाच्या नियमाप्रमाणे, प्रॉव्हिडंट फंडातले ७५ टक्के काढता आले. मोटारसायकल विकली. एक जण शेकडा पाचने पैसे द्यायला घरी आला होता, त्याला चहा पाजून परत पाठवलं. बचत गटातून शेकडा दोनने घेतले. टाळेबंदीत रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळालं. त्या रांगेत उभं राहताना पहिल्या दिवशी मान वर होत नव्हती. दुसऱ्या महिन्यात झाली. मुलगी बारावीला होती. म्हणाली, मी मॉलमध्ये लागते. आम्ही दोघं आणि आबा, तिघांनीही एका तोंडाने नाही म्हटलं. आज ती नर्स आहे. ह्यांना २०२० च्या अखेरीस चाकणला काम मिळालं, आधीपेक्षा कमी पगारावर.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी सिगालाला सांगितलं आहे, मिळकतीचे चार भाग करावेत. एक उपभोगाला, दोन कामधंद्याला आणि चौथा अडचणीच्या दिवसासाठी राखून ठेवावा. हे आम्ही वर्षावासात किती वेळा ऐकलं असेल! पण आमचा चौथा भाग टीव्हीच्या हप्त्यात गेला होता. आता दर महिन्याला आधी तो बाजूला काढतो, मग किराणा.

बांधवांनो, आमचं एवढंच सांगणं आहे. न वाचता सही करू नका, "उद्या सांगतो" म्हणा. पगाराच्या पावत्या, नेमणुकीचं पत्र, फंडाचा नंबर एका पिशवीत ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, तेव्हा आजचा नियम जाणकाराला विचारा. आणि नोकरी गेली तर त्याच रात्री घरात सांगा, त्याच आठवड्यात इथे सांगा.

आबा आज आपल्यात नाहीत. पण वस्तीत कुणाच्या दाराचा पडदा दिवसा खाली दिसला, की आम्हाला ते आठवतात आणि आम्ही दार वाजवतो. तुम्हीही वाजवा, एवढी विनंती करतो.

नमो बुद्धाय! जयभीम!