आपलं पाणी, आपलंच अंगण

(मंचाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर महिन्याला आपण इथे जमतो ते मोठ्या विषयांवर बोलायला. कधी आरक्षण, कधी शेतकऱ्यांच्या आत्महत्या, कधी इथली निवडणूक. माझा आजचा विषय संडास आहे. हसून घ्या. चहा-समोसे झाल्यावर बोलायला उभी राहिले आहे, एवढी काळजी मी घेतली आहे.

आधी एक सांगा, तुमच्यापैकी किती जणांच्या घराला सेप्टिक आहे? हात वर करा. बघा, अर्ध्याहून जास्त. चांगल्या शाळा आणि मोठं अंगण बघून आपण बॉस्टनच्या पश्चिमेच्या या गावांमध्ये घरं घेतली. इथे बऱ्याच रस्त्यांना गटार नाही, नळाचं पाणीही नाही. विहीर आपली, टाकीही आपली. अमेरिकेत साधारण दर पाच घरांमागे एका घराचं सांडपाणी असं स्थानिक सेप्टिकमधूनच जमिनीत जिरतं.

ही व्यवस्था चालते कशी, ते मलाही घर घेतल्यावर बारा वर्षं माहीत नव्हतं. घरातलं सगळं पाणी, म्हणजे संडास, मोरी, डिशवॉशर, वॉशिंग मशीन, एका पुरलेल्या टाकीत जातं. जड गाळ खाली बसतो, तेलकट साय वर येते, आणि मधलं निवळलेलं पाणी छिद्रं पाडलेल्या पाइपांमधून अंगणाखालच्या मातीत जातं. खरं शुद्धीकरण त्या मातीत होतं. मातीला त्यासाठी दोन गोष्टी लागतात, वेळ आणि हवा. पाणी भसाभस आलं, तर टाकीत गाळ बसायला वेळ मिळत नाही, तो पाण्याबरोबर पुढे वाहतो. आणि पाणी थांबलंच नाही, तर मातीतली हवा संपते, बुळबुळीत थर जाड होत जातो आणि जमीन पाणी प्यायचं थांबवते.

आता आमची गोष्ट. २०२३ चा गणपती. आमच्याकडे गणपती बसतो, हे या मंचावर कबूल करायला हरकत नसावी. आम्ही चौघं, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले सासू-सासरे, आणि न्यू जर्सीहून दीर, जाऊ आणि त्यांची मुलगी. नऊ माणसं. तिसऱ्या दिवशी तळघरातल्या मोरीतून गुडगुड आवाज यायला लागला, आणि घरामागच्या हिरवळीवर पाय ठेवला तर पचकन पाणी. वास काय आला असेल ते सांगत नाही.

माझ्या डोक्यात पहिलं नाव आलं ते सासूबाईंचं. त्या भांडी वाहत्या नळाखाली विसळतात, सोवळ्याचे कपडे वेगळे धुतात. मी तोंडाने काही बोलले नाही, पण त्यांच्या मागे मागे नळ बंद करत फिरू लागले. त्यांच्या ते लक्षात आलं. दोन दिवसांनी बघते तर त्या शॉवर सोडून बादलीने आंघोळ करत होत्या, आणि बादलीही अर्धीच भरत होत्या. पंचाहत्तरी उलटलेली बाई मुलाच्या घरी अर्ध्या बादलीत आंघोळ करते आहे, आणि मी स्वतःला पुरोगामी म्हणवते.

टाकी उपसणारा माणूस ट्रक घेऊन आला. झाकण काढून त्याने मला बोलावलं. पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्याही वर चढलं होतं. तो उपसायला लागला, तसं अंगणाकडून पाणी उलटं टाकीत यायला लागलं. तो म्हणाला, "टाकी भरली म्हणून हे झालेलं नाही, जमीन भरली आहे. घरात पाणी कुठे गळतंय ते शोधा. तुमचा पंप रात्री चालू असतो का?"

मला काहीच सांगता येईना. विहीर आपली असल्यामुळे पाण्याचं बिल येत नाही, त्यामुळे गळती कागदावर कधी दिसत नाही. पण सासूबाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, माझ्या खोलीखालचं यंत्र रात्रभर थोड्या थोड्या वेळाने घुरघुरतं. मला वाटलं ते हीटिंगचं असेल."

मग पाहुण्यांच्या बाथरूममध्ये संडासाच्या फ्लशच्या टाकीत आम्ही जिलबीचा केशरी रंग टाकला आणि फ्लश न करता पंधरा मिनिटं थांबलो. खालचं भांडं केशरी झालं होतं. टाकीच्या तळाची रबरी झडप झिजली होती आणि पाणी आवाज न करता सतत पाझरत होतं. किती दिवस, देव जाणे.

आता हिशोब बघा. मॅसॅच्युसेट्सच्या टायटल ५ या नियमानुसार दर बेडरूममागे रोज ११० गॅलन धरून सेप्टिक बांधतात. आमच्या चार बेडरूम, म्हणजे ४४० गॅलन. घरात माणशी रोजचा सरासरी वापर ७० गॅलनच्या आसपास धरतात. सासू-सासरे धरून सहा माणसांचे होतात ४२०. म्हणजे सासूबाईंच्या विसळण्यासकट आम्ही हिशोबात बसत होतो. पण असा गळका संडास दिवसाला २०० गॅलनपर्यंत पाणी घालवू शकतो. आमचा तेवढा गळत असेल, तर ४२० चे झाले ६२०. सासू-सासरे यायच्या आधीसुद्धा आम्हा चौघांचे २८० आणि हे २००, मिळून ४८० होत होते. गणपतीला नऊ माणसं आली म्हणून जमीन ओकली, एवढंच. दुखणं आधीचं होतं आणि दोष दिला पाहुण्यांना. हा न्याय आपल्याला स्थलांतरितांच्या बाबतीत फार ओळखीचा वाटायला हवा.

दुसरा प्रश्न शेजारणीचा. उताराच्या बाजूला तिची विहीर, आणि घरात पाच महिन्यांचं बाळ. सांडपाण्यातून जंतू जाऊ शकतात, नायट्रेट जाऊ शकतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट-नायट्रोजन लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये ही मर्यादा मुख्यतः तान्ह्या बाळांसाठीच आहे. घरात आमची चर्चा झाली. "आधी दुरुस्त करू, मग बघू", "उगाच घराच्या किमतीवर बोलणी होतील", असंही निघालं. शेवटी मी जाऊन सांगितलं. तिचं पाणी तपासून घेतलं, पैसे आम्ही दिले. पाणी चांगलं निघालं. पण अहवाल येईपर्यंत तिने बाळासाठी बाटलीचं पाणी वापरलं, ते आमच्यामुळे. तुमच्या-माझ्या एकेका घराची बेरीज काय होते ते केप कॉडला दिसतं. तिथल्या खाड्यांमध्ये येणाऱ्या नायट्रोजनचा मोठा वाटा घराघरांतल्या सेप्टिकचा आहे, आणि २०२३ मध्ये राज्याला त्यासाठी नियम कडक करावे लागले.

त्या दिवशी टाकी उपसून झाल्यावर सासूबाई त्या माणसासाठी चहा घेऊन गेल्या, चांगल्या कपात. संध्याकाळी मला म्हणाल्या, "आमच्या वाड्यात टोपलीचा संडास होता. ती बाई मागच्या बोळातून यायची. प्यायला पाणी मागितलं तर वरून ओतायचो. इतकी वर्षं आली, पण तिचं नाव मी कधी विचारलं नाही."

मंडळी, मला वाटतं आपलं शिक्षण तिथेच बिघडलं आहे. घाण मागच्या दाराने जाते आणि ती नेणारं कोणीतरी असतं, हे आपण जातीबरोबर शिकलो आणि इंजिनिअर होऊनही विसरलो नाही. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैला सफाईचं काम मला करू द्या म्हणून अन्नत्याग केला होता. त्यानंतर १९९३ चा कायदा आला, २०१३ चा आला. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं, आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागते, याचा अर्थ माणसं अजून मरतात. टाकीतला विषारी वायू तिथे आणि इथे एकच आहे. आमच्याकडे आलेला माणूस टाकीत उतरला नाही, वर उभा राहून त्याने पाइप सोडला. हे तिथेही होऊ शकतं.

आता कामाचं. आज घरी गेल्यावर प्रत्येक संडासाच्या टाकीत रंग टाकून बघा. कपड्यांचे सगळे घाणे रविवारी एकदम लावू नका, आठवड्यात वाटून लावा. छताचं आणि तळघराच्या संप पंपाचं पाणी सेप्टिकपासून लांब सोडा. तूप-तेल मोरीत ओतू नका. टाकी दर तीन वर्षांनी तपासून घ्या, तीन ते पाच वर्षांनी उपसा. आमची झडप दहा डॉलरला आली. नवं ड्रेन फील्ड टाकायचा अंदाज पस्तीस हजारांचा होता. पाणी कमी केल्यावर जमीन हळूहळू कोरडी झाली आणि आजवर तरी टिकली आहे. हमी मात्र कोणी दिलेली नाही.

सासूबाई यंदा परत येणार आहेत. मी त्यांची माफी मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "माफी राहू दे, मला शॉवरचं गरम-गार नीट शिकव." ते शिकवून झालं आहे.