आषाढ पाहून बेतलेले छप्पर : घरगुती सौरवीज, बॅटरी आणि गाडीचे चार्जिंग (अध्यक्षीय भाषण)

घरगुती सौरसंचाचे मुख्य भाग तीन : उन्हापासून वीज करणारी पॅनेल, त्या डीसी विजेची एसी करणारा इन्व्हर्टर आणि आत आलेली व बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा नेट मीटर. बॅटरी आणि गाडीचा चार्जर ही त्याची पुढची जोड. सध्या सर्रास बसवले जाणारे ५४० वॅटचे पॅनेल सव्वादोन मीटरांहून किंचित लांब, एक मीटरहून थोडे अधिक रुंद आणि वजनाला २८ किलोच्या आसपास असते. अशी सहा पॅनेल म्हणजे सुमारे तीन किलोवॅट. महाराष्ट्रात एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरतात; म्हणजे या संचाचे बारा. हा वर्षाच्या सरासरीचा आकडा पुण्या-सोलापूरकडे व्यवहाराला पुरतो. हेदवीत तो दिशाभूल करतो.

हेदवी हे गुहागर तालुक्यातले समुद्रालगतचे गाव, दशभुज गणेशाचे आणि बामणघळीचे. रत्नागिरी जिल्ह्याच्या या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एप्रिल-मेमध्ये किलोवॅटमागे साडेचार युनिट देणारे छप्पर जुलैत अडीच-तीनवर येते आणि सलग झड लागली की दिवसाला जेमतेम एक युनिट देते. घरातली लाईट जाते तीही नेमकी याच दिवसांत. छप्पर सगळ्यात दुबळे आणि तारा सगळ्यात बेभरवशाच्या, हा कोकणातला योग इथल्या प्रत्येक संचाच्या मुळाशी धरावा लागतो.

इथे विजेचे उत्पादन कमी आहे असे कोणी म्हणणार नाही. हेदवीच्या उत्तरेला अंजनवेलचा १९६७ मेगावॅटचा गॅसवरचा प्रकल्प आहे. एन्रॉनच्या काळात १९९९ मध्ये सुरू झालेला, २००१ मध्ये बंद पडलेला आणि पुढे रत्नागिरी गॅस अँड पॉवरकडे गेलेला. दक्षिणेला खाडीपलीकडे जयगडचा १२०० मेगावॅटचा कोळशावरचा प्रकल्प. मागे चिपळूण तालुक्यात पोफळीला कोयनेचे वीजगृह. एवढ्या मेगावॅटांच्या मधोमध राहूनही माणूस मेणबत्ती शोधतो, कारण अडचण शेवटच्या दोन-चार किलोमीटरांत असते. तार आंब्या-फणसातून जाते, फांदी पडते, डीपीचा फ्यूज उडतो आणि वायरमनच्या वाट्याला दहा वाड्या असतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात तर खांबच आडवे झाले; दापोली-मंडणगडकडची कित्येक गावे काही आठवडे अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते याच किनाऱ्याला खेटून गेले.

अशा वेळी साधा ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीविना थेट लाईनला जोडलेला, संच काही कामाचा नसतो, आणि हीच गोष्ट गिऱ्हाइकाला सगळ्यात उशिरा कळते. बाहेरची लाईट गेली की ऑनग्रिड इन्व्हर्टर क्षणात बंद होतो. तो तसा व्हावाच लागतो. नाहीतर छपरावरची वीज उलटी लाईनवर जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. म्हणजे भर दुपारी ऊन पडलेले असले, छपरावर तीन किलोवॅटची पॅनेल असली, तरी घरातला पंखा थांबलेला. बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर मात्र घराला लाईनपासून तोडतो आणि आतल्या आत वीज चालू ठेवतो. शहरात बॅटरी हा हौसेचा खर्च म्हणता येईल. हेदवीसारख्या गावात तो संचाचाच भाग मानला पाहिजे.

बॅटरी किती मोठी, याचे उत्तर झडीच्या दिवसाच्या गरजेवरून काढावे. फ्रिजला दिवसाचे एक-सव्वा युनिट, तीस वॅटचे चार बीएलडीसी पंखे बारा तास चालले तर दीड, दिवे, मोबाइल आणि राउटर मिळून अर्धे. सगळे मिळून तीन-सव्वातीन युनिट. पाच युनिटांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वापरायला चार-साडेचार युनिट देते, म्हणजे दिवस-सव्वा दिवसाची बेगमी. आणि झडीतही तीन किलोवॅटचे छप्पर दिवसाला तीनेक युनिट देऊन ती बरीचशी पुन्हा भरते. हा मेळ बसतो म्हणून तीन किलोवॅट आणि पाच युनिट हे माप इथल्या मध्यम घराला योग्य ठरते. मेमधल्या तेरा-साडेतेरा युनिटांवरून काढलेले माप आषाढात तोंडघशी पाडते. विहिरीवरच्या पंपाचा विचार मात्र वेगळा करावा. एक अश्वशक्तीचा पंप अर्ध्या तासात अर्ध्या युनिटाच्या आसपासच वीज खातो. पण सुरू होताना तो नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो आणि लहान इन्व्हर्टर तिथेच मान टाकतो. वीज नाही म्हणजे टाकीत पाणी नाही, हे ज्या घराला लागू आहे त्याने इन्व्हर्टर पंप पाहूनच घ्यावा. लेड ॲसिड ट्युब्युलर बॅटरी स्वस्त पडते, पण तिची निम्मीच क्षमता वापरायची असते, पाणी घालत राहावे लागते आणि आयुष्यही कमी.

आता छप्पर. जांभ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौले असलेल्या जुन्या घरावर पॅनेल चढवावीत का? वजनाची भीती बहुधा निष्कारण असते. पॅनेलचा भार चौरस मीटरला अकरा-बारा किलो, कौलांचा त्याच्या तिप्पट-चौपट. खरा प्रश्न वाऱ्याचा. पॅनेलखाली शिरलेला वारा ते वर उचलतो आणि तो ओढा थेट वाशांवर येतो. वाशाला वाळवी लागली असेल तर बोल्ट कितीही जाड घेतला तरी उपयोग नाही. शिवाय एक कौल फुटले तर ते बदलायला चार पॅनेल उतरवावी लागतात, आणि वानरांच्या कृपेने कोकणात कौले फुटायची थांबत नाहीत. म्हणून स्लॅब असेल तर स्लॅब, नसेल तर खळ्यावरचा पक्का लोखंडी मांडव किंवा गोठ्याची मजबूत शेड ही जागा कौलांपेक्षा केव्हाही बरी. पॅनेलचे तोंड दक्षिणेला, उतार सतरा-अठरा अंशांचा. माडाची एक झावळ जरी पॅनेलवर सावली धरत असली तरी मालिकेत जोडलेल्या संचाचे उत्पादन घसरते. माड तोडायला कोणी तयार होत नाही आणि होऊही नये. जागा बदलावी, नाहीतर प्रत्येक पॅनेलला वेगळा मायक्रोइन्व्हर्टर लावावा. नारळ पडेल अशा टप्प्यात तर पॅनेल नकोच.

खाऱ्या हवेबद्दल दोन शब्द पुरेत, पण ते कडक हवेत. बामणघळीतून उसळणारे तुषार डोळ्यांना दिसतात. तेच मीठ वाऱ्यावर बसून गावभर फिरते आणि साध्या रंगवलेल्या लोखंडाला दोन पावसाळ्यांत गंज चढतो. सांगाडा हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड किंवा ॲल्युमिनियमचा, नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, पॅनेल खाऱ्या धुक्याच्या आयईसी ६१७०१ चाचणीत उतरलेली. अर्थिंग तर कातळावर फारच जपून करावे. जांभ्यात ओल टिकत नाही, रोध वाढतो आणि मे महिन्यातल्या वळवाच्या विजा कोणाची वाट पाहत नाहीत. एसी, डीसी आणि वीजरोधक यांचे खड्डे वेगवेगळे असावेत आणि त्यांचे माप पावसात नव्हे, मार्च-एप्रिलमध्ये कोरड्या जमिनीत घ्यावे.

नेट मीटरचा हिशेब आर्थिक वर्षाचा असतो, १ एप्रिल ते ३१ मार्च. कोकणाला हा क्रम सोयीचा पडतो : एप्रिल-मेची जास्तीची युनिटे खात्यावर साठतात आणि पावसाळ्यात वापरता येतात. मार्चअखेर उरलेल्या युनिटांना मात्र ग्राहक भरतो त्या दराचे मोल मिळत नाही. त्यामुळे गरजेपेक्षा मोठा संच बसवून वीज विकण्याचे स्वप्न पाहू नये. चाकरमान्यांच्या बंद घरांत आणखी एक गंमत होते. गणपती आटोपले की कुलूप लावताना मेन स्विच पाडायचा ही पिढ्यांची सवय. तो पाडला की इन्व्हर्टरला लाईन दिसत नाही आणि छप्पर शिमग्यापर्यंत फुकट उन्हात तापते. सौरजोडणी मेन स्विचच्या आधी, स्वतंत्र ब्रेकरवर घेतली तर ही अडचण राहत नाही. बारीक तारांच्या टोकाला असलेल्या घरांत दुपारी व्होल्टेज चढून इन्व्हर्टर ट्रिप होतो, तिथे तक्रार संचाची नव्हे, लाईनची करायची असते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे, बॅटरीला नाही. त्याच वर्षीच्या नियमदुरुस्तीने १० किलोवॅटपर्यंतच्या संचाला तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची अट उरलेली नाही.

राहिली गाडी. इलेक्ट्रिक मोटार एका युनिटात सहा-सात किलोमीटर जाते. हेदवीहून चिपळूणला जाऊन येणे म्हणजे शंभरेक किलोमीटर, पंधरा युनिटांच्या आसपास; तीन किलोवॅटच्या छपराची मेमधली पुरी दिवसाची कमाईही त्याला पुरत नाही. रोज एवढे अंतर तोडणाऱ्याला संच दुप्पट करावा लागेल. आठवड्यातून एकदाच जाणाऱ्याला नेट मीटर सांभाळून घेतो. घरच्या चार्जिंगला पंधरा-सोळा अँपिअरचा ३.३ किलोवॅटचा पॉइंट बहुतेकांना पुरतो, ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स घ्यायचा तर मंजूर भार वाढवावा लागतो. दोन्हींना स्वतंत्र वायर, चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक ब्रेकर हवाच. घरच्या पाच युनिटांच्या बॅटरीवरून गाडी कधीही चार्ज करू नये. तीस किलोमीटरांसाठी रात्रीचे पंखे घालवण्यासारखे ते आहे. उलट प्रवास फायद्याचा. काही नव्या गाड्यांतून घरातली उपकरणे थेट चालवता येतात, आणि तीस-चाळीस युनिटांची गाडी काटकसरीने वापरणाऱ्या घराचे आठ-दहा दिवस काढू शकते. मात्र ही वीज भिंतीच्या सॉकेटमधून उलटी घुसवायची नाही. उपकरण सरळ गाडीच्या प्लगला लावावे, नाहीतर चेंजओव्हर स्विच बसवावा.

सौरसंच बसवणाऱ्या मंडळींकडून एवढीच अपेक्षा : कोकणातल्या घराला कोटेशन देताना वर्षाच्या सरासरीशेजारी जुलैची युनिटे लिहावीत, आणि लाईट गेल्यावर घरातले काय चालेल व काय चालणार नाही, ते सही घेण्याआधी त्याच कागदावर मांडावे.