आडवळणाचा डोह



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या भुवया वर गेल्या असतील. वस्तीपासून दूर पायवाटेने चालत जावे, एकांतातले पाणी गाठावे आणि तेथे वस्त्रे ठेवावीत की उतरवावीत हे ज्याचे त्याने ठरवून स्नान करावे, असा हा विषय आहे. जर्मनीसारख्या देशात सरोवरांच्या काठी अशा जागा राखून ठेवलेल्या असतात. मग भवानीच्या गावात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, तुळजापूर हे स्नानाचेच गाव आहे. यात्रेकरूने पायऱ्या उतराव्यात, कल्लोळात न्हावे, गोमुखाची धार अंगावर घ्यावी आणि मग देवीपुढे उभे राहावे, ही येथली परंपरा. सारी तीर्थे कल्लोळ करीत या ठिकाणी एकत्र आली म्हणून त्या तीर्थाचे नाव कल्लोळ, असे सांगतात. ज्या गावात स्नानाचा एवढा कल्लोळ आहे, तेथेच स्नानाच्या एकांताबद्दल बोलणे योग्य नव्हे काय?

प्रथम आपले शास्त्र आणि आपला व्यवहार पाहू. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात नग्न होऊन स्नान करू नये असा निषेध आहे. निषेध आहे याचा अर्थच असा की, तसे करणारे लोक होते! व्यवहारात तर आपण या बाबतीत फारसे कडक कधीच नव्हतो. नदीवर पोरे उघडीवाघडी डुंबतात आणि त्यांना कोणी हटकीत नाही. सिंहस्थात त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर नागा साधू दिगंबर अवस्थेत स्नान करतात, आणि लाखो लोक हात जोडून ते पाहतात. आपल्याच धाराशिव जिल्ह्यातले कुंथलगिरी घ्या. ते दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र. तेथे १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेऊन देह ठेवला. दिगंबर मुनी वस्त्र धारण करीत नाहीत, पण ते स्नानही करीत नाहीत, कारण अस्नान हे त्यांचे व्रतच आहे. म्हणजे नग्नतेचा संबंध चैनीशी किंवा चाळ्यांशीच असतो, ही समजूत आपल्या जिल्ह्यातच खोटी ठरते.

आता एक गोष्ट सांगतो. ती ऐकून कदाचित आपल्याला आश्चर्य वाटेल. नग्नतेच्या आधुनिक पुरस्काराची ज्ञात असलेली पहिली संस्था जर्मनीत निघाली नाही, ती आपल्या महाराष्ट्रात निघाली! साल १८९१. ठाण्याला चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड नावाचे इंग्रज न्यायाधीश होते. त्यांनी 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' या नावाची मंडळी स्थापन केली. सभासद किती? अवघे तीन! स्वतः न्यायाधीशसाहेब आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे. इंग्लंडातले विचारवंत एडवर्ड कार्पेंटर यांना क्रॉफर्ड यांनी जी पत्रे लिहिली, त्यांतून ही हकीकत जगाला कळली. अंगावर काय असलेले चालेल, हेही त्यांनी ठरविले होते. अंगठी, चष्मा आणि कवळी! न्यायाधीशच ते, अपवाद नमूद केल्यावाचून कायदा कसा करतील? माथेरान आणि साष्टीच्या रानातला तुळशी तलाव या त्यांच्या निवांत जागा. पुढे साहेबांची बदली रत्नागिरीस झाली, मंडळी मोडली आणि १८९४ साली ते वारले.

या तिघांना एकांत कसा मिळाला, हे मात्र नीट पाहिले पाहिजे. ते साहेब होते, पुरुष होते, आणि त्यांना हटकण्याची हिंमत कोणाला नव्हती. रानातला एकांत हा पुष्कळदा अधिकाराने मिळालेला असतो. त्याच तळ्याकाठी एखाद्या आदिवासी बाईने तसे स्नान केले असते, तर तिला तत्त्वज्ञ कोणी म्हटले असते काय?

हा विचार मराठीत आणण्याचे धैर्य प्रा. र. धों. कर्वे यांनी दाखविले. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालविले. संततिनियमन हे त्यांचे मुख्य कार्य, पण उघड्या शरीराकडे निरोगी दृष्टीने पाहावे, असाही त्यांचा आग्रह होता. अश्लीलतेचे खटले त्यांच्यावर झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला ते हरले. परंतु शरीर मुळात घाण आहे की पाहणाऱ्याची दृष्टी, हा कर्व्यांचा प्रश्न निकालात निघाला नाही.

तथापि कर्व्यांच्या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात चंद्रगुत्ती येथे रेणुकांबेचे देऊळ आहे. तेथे नदीत न्हाऊन विवस्त्र अवस्थेत डोंगर चढून देवीला जाण्याची प्रथा होती. १९८६ साली तिला विरोध करणाऱ्या कार्यकर्त्यांवर आणि पोलिसांवर जमावाने हल्ला केला, आणि त्यानंतर सरकारने त्या प्रथेवर बंदी घातली. तेथेही नदी होती, चढण होती, वस्त्र नव्हते. मग ठाण्याच्या साहेबात आणि चंद्रगुत्तीच्या गरीब बाईत फरक कोणता? साहेबाने स्वतः ठरविले होते. बाईचे मात्र रूढीने ठरविले होते, नवसाने ठरविले होते, आणि भोवती गर्दी पाहत होती. माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म येथेच आहे. वस्त्र काढणे पुरोगामी नाही आणि नेसणे प्रतिगामी नाही. काढावे की नेसावे हे जिचे तिला ठरविता येते काय, एवढेच विचारायचे.

या कसोटीवर आपले घाट कसे उतरतात? पुरुष लंगोट लावून चारचौघांत खुशाल न्हातो. बाईने मात्र नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात उतरायचे, भिजलेले लुगडे अंगाला चिकटलेले असताना दहा नजरांतून वर यायचे, आणि आडोसा म्हणून दुसऱ्या बाईने धरलेल्या पातळामागे ते बदलायचे. याला आपण मर्यादा म्हणतो! २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशातल्या १०० पैकी सुमारे ४२ कुटुंबांना घराच्या आवारात न्हाणीची सोय नव्हती. त्या घरांतल्या बायका पहाटेच्या अंधारात नदीची किंवा विहिरीची वाट धरीत. आडवळणाचा डोह शोधणे ही युरोपात हौस असेल, पण आपल्याकडे लाखो स्त्रियांच्या ती रोजची गरज झाली होती, आणि त्या वाटेवर भीतीही बरोबर चालत असे.

कायद्याचेही दोन शब्द सांगतो. सार्वजनिक जागी अश्लील कृत्य करून इतरांना उपद्रव देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली गुन्हा आहे. म्हणून जर्मनीतल्यासारखा राखीव काठ आपल्याकडे उद्याच होईल, असे मी म्हणत नाही. परंतु त्याच संहितेचे कलम ७७ स्त्रीला तिच्या खासगी क्षणी चोरून पाहणे किंवा तिचे चित्रण करणे हाही गुन्हा ठरविते. आधीच्या दंडसंहितेत हा गुन्हा २०१३ साली आला. आपण पहिले कलम मोठ्याने सांगतो आणि दुसरे विसरतो. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना हे विसरणे परवडणारे नाही.

तेव्हा तुळजापूरकरांना आणि सर्वच तीर्थांच्या चालकांना माझी विनंती साधी आहे. न्हाणाऱ्या बाईला भक्कम भिंत द्या, आतून लागणारी कडी द्या, आत उजेड द्या, आणि तेथे मोबाईल काढणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. आडोसा देवळाच्या आवारातच मिळाला, तर डोह शोधायला कोणाला रानात जावे लागणार नाही. मग एखादी हौसेने गेलीच, तर ती आपल्या मर्जीने जाईल.